अक्काचा डावा हात

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर माझ्या पायरव्यावरून कळतं की आज कचेरीत काय बिनसलं असेल. सांगायला बसलो की दर वेळी मी दुसरंच काहीतरी सांगतो. मडक्यांचं सांगतो, मुनीरचं सांगतो, सत्तरच्या सुमाराला आमच्या पिंगळीसारख्या गावात स्टिरिओ कसा वाजत होता याचं कौतुक सांगतो. लोक हसतात, चहा येतो, विषय संपतो. आजही सुरुवात मडक्यांपासूनच करावीशी वाटतेय — कारण तिथं मी शहाणा दिसतो. पण नको. आधी अक्काबद्दल सांगतो.

अक्का माझी थोरली बहीण. लहानपणी तिला मोठा ताप आला आणि तापातून उठली ती कान सांडतच उठली. ऐकणं एकदम गेलं नाही. आधी चिमण्या गेल्या. मग मायच्या बांगड्या गेल्या, मग हाका, आणि सगळ्यात शेवटी महादेवाच्या देवळातली घंटा. हा क्रम ती स्वतः सांगायची, कारण बोलता तिला येत होतं. तापाआधी शिकलेले शब्द तेवढे, आणि आवाजाला माप नाही. कुजबुज करायला गेली तरी रस्त्यावर ऐकू जायचं. बारीक आधी जातं, मोठं मागून जातं — एवढं एक तिला आयुष्यानं शिकवलं होतं. हे लक्षात ठेवा.

अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, किराणा दुकानावर हौसेनं एक मोठा वाल्वचा रेडिओ घेतला होता. शिसवी रंगाची लाकडी पेटी, पुढं ताणलेलं कापड, काचेवर न पाहिलेल्या गावांची नावं, आणि वरच्या अंगाला एक हिरवा डोळा. स्टेशन नीट लागलं की तो डोळा मिटत यायचा. अप्पा गेले, रेडिओ बैठकीत राहिला, आणि तो खरा ऐकला तो अक्कानं. तुम्ही म्हणाल, कशी? तळहातानं. पेटीच्या कुशीवर डावा हात ठेवून ती डोळे मिटायची. बातम्या कुठल्या आणि गाणं कुठलं, बाई गाते की बुवा गातो, हे ती हातानं सांगायची आणि सहसा चुकायची नाही. मी शेजारी बसून तिच्या मनगटावर बोटानं ठेका धरायचो. तो आमचा लहानपणापासूनचा खेळ होता.

आणि मग ती गायची. गायची म्हणजे काय — गळ्यातून एक हुंकार निघायचा, ना सूर ना ताल, जातं फिरल्यासारखा. तिला तो ऐकू येत नव्हता. आपण काही आवाज काढतोय हेच तिला ठाऊक नव्हतं. सुख झालं की तो यायचा, एवढंच.

माय तिच्यावर एका गोष्टीवरून चिडायची. आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग सकाळी डाव्या तळहातावर घ्यायचं आणि उजव्या हातानं पाणी, भस्म, बेल वाहायचं. तो तळहात म्हणजे देवाचं आसन. "लिंगाचा हात हाय त्यो," माय म्हणायची, "सिनेमाच्या गाण्यावर ठिवू नको, बाई." मायच्या ओठांकडं बघून अक्काला ते बरोबर कळायचं. हसायची, हात तसाच ठेवायची. उजव्या हाताला एवढं कळत नाही म्हणायची.

रेल्वेचा रूळ आमच्या घरामागून गेलेला. रुळापलीकडं आमचा छोटा मळा — विहीर, वांगी, मेथी, कडेला चार शेवग्याची झाडं. तो अक्काचा. लग्नाचा विषय कधीच मिटलेला होता, त्यामुळे मळा हेच तिचं घर, तिचं सासर आणि तिचं दुकान. दिवसातून कितीदा तरी ती रूळ ओलांडायची. बहिरी बाई रूळ ओलांडते म्हणून नव्या माणसाच्या काळजाचं पाणी व्हायचं, पण गावाला सवय होती. रुळापाशी आली की ती वाकून डावा तळहात लोखंडाला लावायची. कोळशाचं इंजिन वळणापलीकडं असतानाच तिला कळायचं. कानवाल्यांच्या आधी ती मागं सरायची.

आता मडकी.

मला आवाजाचं वेड होतं. नुसतं ऐकण्याचं नाही — आवाज कसा यावा, कुठून यावा, याचं. परभणीला कारकुनी करायचो, पॅसेंजरनं जाऊन-येऊन. संध्याकाळची गाडी येईपर्यंत मुनीरच्या दुकानात पडीक असायचो. मुनीर रेडिओ दुरुस्त करायचा. त्याच्याकडं हैदराबादहून आलेला एक जुना रेकॉर्ड प्लेअर होता, तो मी थोडे थोडे पैसे देऊन आपलासा केला. मग त्यानं मला अ‍ॅम्प्लिफायर जुळवून दिला. मग अडलं ते स्पीकरपाशी. बाजारात मिळायचे ते चिरके. आणि मुनीर म्हणाला, तुझ्या बापाच्या रेडिओत जो आहे तसला आता बनत नाही. "डब्बे में से निकालो जी इसकू. मटके में डालो, फिर देखो मजा."

आमच्याकडं तेव्हा ही पद्धतच होती. लाकडी खोकं परवडायचं नाही, म्हणून मडक्याच्या तोंडावर स्पीकर बसवायचा. भाजलेल्या मातीच्या पोटात आवाज घुमतो आणि खालचे सूर असे उठतात की छातीत हलतं. कुंभाराला तोंडाचं माप देऊन मी दोन मडकी करून घेतली. रेडिओच्या स्पीकरसारखा दुसरा एक मुनीरनं मांडववाल्याकडून पैदा केला. एका रविवारी बैठकीतल्या रेडिओची पाठ उघडली, स्पीकर काढला, पाठ परत स्क्रूनं बंद केली. मडकी मांडली मागच्या खोलीत. रेडिओ मात्र जागेवरच राहिला. एरियलची तार तिथं उतरत होती आणि अप्पांची वस्तू हलवायची नाही हा मायचा हुकूम. त्याच्यातून एक वायर मागं नेली. दिवा लागायचा, काच उजळायची, हिरवा डोळा मिटायचा. फक्त पेटी मुकी झाली होती. मायला वाटायचं, आवाज रेडिओतूनच निघतो आणि मडक्यात जाऊन मोठा होतो. मीही तिला समजावत बसलो नाही.

पहिली रेकॉर्ड लावली तेव्हा तबला डाव्या मडक्यातून आला आणि गळा उजव्या मडक्यातून. दोघांच्या मधे माणूस बसावा इतकी जागा. मी तिथं जमिनीवर बसलो आणि रडलो — खोटं कशाला सांगू. आयुष्यात एवढा आनंद मला पुन्हा झाला नाही. आणि त्या आनंदात एकदाही, तुम्हाला सांगतो, एकदाही मला अक्काची आठवण झाली नाही.

थोडं मागं जातो. जावंच लागेल.

त्याच्या आधी, रेडिओला नुसता रेकॉर्ड प्लेअर जोडून वाजवायचो, तेव्हा कचेरीतले दोस्त रविवारी यायचे. एकदा गाणं ऐन रंगात होतं, अक्का पेटीला हात लावून बसलेली, आणि तिचा हुंकार सुरू झाला. दोस्तांनी एकमेकांकडं पाहिलं. एक जण म्हणाला, "रेकॉर्डमधी कुत्रं शिरलं का रे?" आणि त्यानं तो हुंकार काढून दाखवला. हुबेहूब. सगळे हसले. मीही हसलो. अक्कानं डोळे उघडले, सगळे हसतायत पाहून तीही हसली. तिला वाटलं, गाण्यात काही गमतीचं आलं.

त्या दिवशी मी तिची बाजू घेतली असती तर? असले प्रश्न विचारायचा हक्क मी गमावलाय. लाज वाटली, पण लाज त्या दोस्ताची नाही वाटली. तिची वाटली.

म्हणून मडकी मागच्या खोलीत गेली. कारण जागेचं नव्हतं, ओलीचं नव्हतं, एरियलचं नव्हतं — कारण हे होतं. त्या खोलीला कडी होती. मडक्याला कुणी हात लावला की आवाज बसतो, हे खरं. अक्का आली की दोन्ही हात लावील, आवाज बसेल, वर हुंकार सुरू होईल आणि दोस्त हसतील. तिला मी खुणेनं सांगून टाकलं की मागं जाऊ नको, करंट बसतो. करंटला ती भ्यायची. एकदा बटणाचा झटका खाल्ला होता. हे पहिलं खोटं. एवढ्यावर मला झोप लागली असती. असल्या खोट्यावर घरं चालतात.

दुसरं सांगतो.

स्पीकर काढल्यानंतरची एक संध्याकाळ. अक्का मळ्यातून आली, हातपाय धुतले, पदराला हात पुसले आणि नेहमीच्या जागी येऊन बसली. काच उजळलेली होती. मागच्या खोलीत गाणं लागलं होतं, दार लोटलेलं. तिनं डावा तळहात पेटीवर ठेवला. डोळे मिटले. मग उघडले. हात थोडा सरकवून पुन्हा ठेवला, पुढच्या कापडावर ठेवला, वर ठेवला. मी दारातून बघत होतो. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तिच्या त्या बिनमापाच्या आवाजात विचारलं, "चालू हाय?"

मी मान हलवली. हो म्हणालो.

एवढंच. हो म्हणालो. काय अडलं होतं? खरं सांगितलं असतं — पेटी रिकामी आहे, आवाज मागं आहे — तर ती मागं आली असती. दोस्त यायची वेळ झाली होती. त्यांतला एक जण पहिल्यांदाच स्टिरिओ ऐकणार होता. मी म्हटलं, आज जाऊ दे, उद्या सांगू.

आणि नुसती मान हलवून मी थांबलो नाही. तिचा चेहरा बघवेना म्हणून शेजारी बसलो आणि तिच्या मनगटावर ठेका धरला. ठेका खरा होता. मागच्या खोलीतला होता. तिला माझं बोट कळत होतं. बोटाखालचं गाणं हातात येत नव्हतं. ती पेटीकडं बघायची, माझ्या बोटाकडं बघायची, पुन्हा पेटीकडं. अंधारात पायरी चुकलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा झाला होता तिचा. तरी मी ठेका सोडला नाही. माझ्या हातून घडलेली सगळ्यांत क्रूर गोष्ट ती — आणि बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणाला असता, काय माया आहे भावाची.

उद्या आला. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा मान हलवली. खोट्याचं असं असतं की पहिल्या दिवशी ते उचलून बाजूला ठेवता येतं, मग ते घरातलं माणूस होतं. ती रोज हात ठेवून बघायची. मग एक दिवसाआड. मग ती रेडिओपाशी बसेनाशी झाली. मला काय वाटलं, सांगू? मला हायसं वाटलं.

मग एके सकाळी पूजेच्या वेळी मी सोप्यातून जात होतो आणि अक्काचं बोलणं कानावर पडलं. तळहातावर लिंग होतं, समोर माय. अक्का कुजबुजत होती — तिच्या समजुतीनं. घरभर ऐकू येत होतं.

"हात बी चाललाय माय. कानाचं झालं तसंच व्हायलंय. आधी चिमण्या गेल्या व्हत्या. आता पेटी गेली. मंग गाडी जाईल."

मायनं कपाळाला हात लावला. तिनं खुणा करायच्या सोडून तोंडानंच म्हटलं, "म्या म्हणलं व्हतं तुला. लिंगाचा हात कुठं बी ठिवू नये. शिव कोपला, बाई." आणि ती अक्काला कवटाळून रडायला लागली. अक्का रडली नाही. ती तळहातावरच्या लिंगाकडं बघत राहिली. मग तिनं उजव्या हातानं स्वतःच्या तोंडावर दोन चापट्या मारल्या, देवापुढं चूक कबूल करताना मारतात तशा.

मी भिंतीमागं उभा होतो. एकच वाक्य बोलायचं होतं. एक पेचकस आणि चार स्क्रू होते. पेटीची पाठ उघडून दाखवली असती तरी पुरलं असतं — बघ, आत काही नाही, तुझा हात जिवंत आहे, चोर मी आहे. माझी गाडीची वेळ झाली होती. मी डबा उचलला आणि स्टेशनवर गेलो. खरंच गेलो. त्या संध्याकाळी मुनीरकडं बसून आम्ही मडक्यांना आतून शेण-मातीचा लेप दिला तर आवाज अजून भरेल का, यावर बोललो.

अक्कानं मळा सोडला. गाडी अजून कळतेय तोवरच थांबलेलं बरं, असा तिचा हिशोब. कळायचं बंद होईल तो दिवस आधी सांगून येणार नाही, आणि नेमकी त्याच दिवशी ती रुळावर असेल. चुकीचं काय होतं त्यात? तिच्या कानांनी तिला हेच शिकवलं होतं. ती मागच्या दारात उभी राहून पलीकडच्या शेवग्याकडं बघायची. आधी मायनं मळा सांभाळायचा प्रयत्न केला, मग तो दुसऱ्याला बटईनं दिला. वांगी आमच्या घरी विकत येऊ लागली. अक्का निवडायला बसायची आणि एकेक वांगं हातात घेऊन बाजूला ठेवायची. आपली नव्हेत, असं म्हणायची.

तिचं चालणं कमी झालं. मग बाहेर पडणंच कमी झालं. डावा हात ती पदरात गुंडाळून ठेवायची, सकाळच्या पूजेपुरता बाहेर काढायची. गाडी गेली की घराची जमीन हलायची, आणि ती पायानं चाचपून बघायची — आहे अजून, आहे. तेवढ्यापुरता चेहरा सैल व्हायचा. बाकी वेळ ती वाट बघत असायची. जायची नसलेल्या गोष्टीच्या जाण्याची वाट माझ्या बहिणीनं वर्षानुवर्षं पाहिली, आणि भिंतीपलीकडं मी गाणी ऐकत होतो. माय त्याच काळात गेली. शेवटपर्यंत तिला वाटत होतं, आपल्या तोंडून शब्द गेला आणि पोरीचा हात गेला. तिलाही मी सांगितलं नाही. मरणाऱ्या माणसालाही नाही.

तुम्हाला वाटेल, गाण्यात तरी सुख होतं. नव्हतं हो. मडक्यांचा आवाज तोच होता, पण मला त्यात तिसरा आवाज नसल्याचं ऐकू यायला लागलं. दोस्तांच्या बदल्या झाल्या. पुढं एक मडकं तडकलं आणि मी दुसरं करून आणलं नाही.

एका दुपारी घरात दुसरं कुणी नसताना मी स्पीकर पुन्हा पेटीत बसवला. स्क्रू आवळले, फडक्यानं काच पुसली. अक्काला बोलावलं. हिरवा डोळा मिटला, गाणं लागलं, आवाज मुद्दाम मोठा ठेवला. मी माझा हात पेटीवर ठेवून पाहिला. लाकूड थरथरत होतं, चांगलं बोटांत येत होतं. मग तिचा डावा हात पदरातून काढला. तिनं मागं घेतला. मी पुन्हा धरला. शेवटी माझ्यासाठी म्हणून तिनं तो पेटीवर ठेवला.

डोळे तिनं मिटले नाहीत. पेटीकडं पाहिलंही नाही. ती माझ्या चेहऱ्याकडं बघत होती, आणि तिथं तिला काय दिसलं असेल ते दिसलं. मी मान हलवून विचारलं — चालू आहे ना?

तिनं मान हलवली. "चालू हाय," म्हणाली, आणि माझ्या गालावरून उजवा हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा. मी तिच्या गळ्याकडं बघत होतो. गाणं संपलं. दुसरं लागलं, तेही संपलं. हुंकार आला नाही. मग मला कळलं की अक्का माझं मन राखतेय. तिला हातात काही लागलं की नाही, हे मला आजवर ठाऊक नाही. लागलं असलं तरी तिनं त्यावर विश्वास ठेवला नाही. तिनं हात काढला, पदरात गुंडाळला आणि गळ्यातल्या लिंगाला कपाळ टेकवलं.

पाठ उघडून, स्पीकर काढून दाखवायची वेळ ती होती. पेचकस अजून माझ्या खिशात होता.

अक्का पुढं साध्या तापानं गेली. आमच्यात माणसाला बसवून पुरतात आणि त्याचं इष्टलिंग त्याच्याच डाव्या तळहातावर ठेवतात. विधी करणाऱ्या स्वामींनी मला खाली खड्ड्यात उतरायला सांगितलं. भाऊ मीच होतो. मी तिचा तो हात उघडला. पदरात राहून राहून तो लहान मुलाच्या हातासारखा मऊ झाला होता. मळ्यातले घट्टे कुठल्या कुठं गेले होते. लिंग ठेवलं, भस्म लावलं, बोटं मिटवली. वर माणसं माती घेऊन थांबली होती. तेवढ्यात रुळावरून गाडी गेली आणि खड्ड्याच्या कडा हलल्या. ती मला पायातून कळली, आणि तिचा हात माझ्या हातात होता.

अक्का, हात गेला नव्हता — एवढंच म्हणायचं होतं. तिला ऐकू येणार नव्हतं. तसंही नसतं आलं. वर उभ्या असलेल्या माणसांना ऐकू आलं असतं. मी म्हटलं नाही.